तेजराव मास्तर आणि गवळ्याचं दूध

मॅट्रिकच्या वर्गात नवं पोरगं आलं की तेजराव मास्तर पहिल्याच दिवशी त्याचं गणिताचं पुस्तक मागून घेत, खिशातून दाढीचं पातं काढत आणि पुस्तकाच्या शेवटची उत्तरांची पानं सफाईने कापून टाकत. एखाद्याचा बाप तणतणत आलाच तर त्याला विचारत, "तुले उत्तर पाह्यजे का पोरगं पाह्यजे?" बाप टोपी नीट करून परत जाई.

कापलेली पानं मास्तर बसथांब्यासमोरच्या हॉटेलवाल्याला रद्दीत देऊन टाकत. त्यामुळे परीक्षा जवळ आली की जानेफळात भज्यांचा खप वाढे. पोरं पुड्यांवर पुड्या घेत, भजी कुत्र्याला घालत आणि कागद उजेडात धरून वाचत. हॉटेलवालाही तयारीचा होता. "सरळव्याज संपलं. भागीदारीत देऊ का भजे?" असं तो विचारी. पण तेलाने आकडे फुगत, तिनाचा आठ होई आणि दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग तेच एक चुकीचं उत्तर घेऊन येई. मास्तर वही नाकाशी नेत आणि शांतपणे म्हणत, "भजे खाल्ले बे तू."

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. महाराष्ट्र तेव्हा नवा होता. आमच्या शाळेच्या पाटीवरचं राज्याचं नाव थोड्या वर्षांत पुन्हा पुन्हा रंगवून झालं होतं आणि पेंटर सोडून कुणाचं काही बदललं नव्हतं. मास्तरांचं तर मुळीच नाही. त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, "काऊन?" म्हणजे का. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, असं पोराने घडाघडा म्हटलं की, "काऊन?" मी वाटेत भेटून आज उकडतंय म्हणालो तरी, "काऊन?" मग वारा, ढग, आपला कोट, यांतलं नेमकं कारण दिल्याशिवाय मला पुढे जाता येत नसे.

त्यांचं लग्न याच शब्दापायी राहिलं, असं गाव सांगे. मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीचा बाप म्हणाला, "पोरगी लय गुणाची हाय." मास्तरांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि विचारलं. त्या घरचे पोहे मग कुणी खाल्लेच नाहीत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी भर वर्गात काऊन विचारलं. साहेबांनी कपाळ पुसलं, हेडमास्तरांनी घाईने चहा मागवला आणि शेऱ्यात आलं, "शिक्षकांची भाषा ग्रामीण आहे." गणिताबद्दल शेऱ्यात एक अक्षर नव्हतं.

संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर फुकट शिकवणी चाले. पोरं दिवेलागणीला घरी जात. मागे राही तो पुंजाजी. हा पुंजाजी म्हणजे भरघोस मिशांचा, दोन लेकरांचा बाप. भाजीपाल्याचा मळा, पण भाऊ चार. त्याला ग्रामसेवक व्हायचं होतं आणि त्यासाठी मॅट्रिक पाहिजे होती. सगळे विषय निघाले होते, गणित दरवर्षी अडत होतं. सासरा लोकांदेखत म्हणे, "जावई अजून शाळेतच जाऊन राह्यला." बायको माहेरी जायची बंद झाली होती.

हेडमास्तरांनी मास्तरांना समजावलं की हा बाहेरून बसणारा उमेदवार, हा आपल्या निकालाच्या टक्क्यांत धरत नाहीत, याच्यावर कशाला वेळ घालवता. आमच्या हेडमास्तरांना टक्के दिसत, पोरं दिसत नसत. मास्तरांनी त्यांना काय विचारलं असेल ते सांगायला नको.

पुंजाजी ढ नव्हता. त्याचं दुखणं वेगळं होतं. मास्तरांचा काऊन त्याच्या हाडीमाशी भिनला होता. गवळ्याने दुधात किती पाणी मिसळावं म्हणजे शेकडा वीस नफा होईल, असं गणित आलं की तो पेन खाली ठेवी.

"मास्तर, पन त्यानं पानी टाकावंच काऊन?"

"नफ्यासाठी बे."

"मंग हे गनित हाय का चोरी?"

एका वर्षी पेपरात त्याने उत्तर लिहिलं, "गवळ्याला धरून द्यावे." दुसऱ्या वर्षी हौदाचं गणित होतं, एक नळ भरतोय आणि दुसरा रिकामा करतोय. उन्हाळ्यात बैलगाडीवर टाकी ठेवून पाणी आणणारा माणूस तो. त्याने लिहिलं, "खालचा नळ आधी बंद करावा." तपासणाऱ्याने दोन्ही वर्षी भोपळा दिला.

हे ऐकून मास्तर खूश होत. "बराबर लिहलं," म्हणत. मग दोघं मिळून स्वयंपाक करत. पुंजाजी मळ्यातली वांगी आणी, मास्तर भाकरी थापत, आणि जेवताना गवळ्याच्या नीतीवर असं कडाक्याचं भांडण चाले की शेजारी दारं लावून घेत. निकाल लागे, पुंजाजी नापास होई, आणि चार दिवसांनी ओट्यावर पुन्हा दोन ताटं वाढलेली दिसत.

त्या वर्षी मात्र पुंजाजीची बायको मास्तरांकडे आली. दाराबाहेरच उभी राहिली. "मास्तर, पोरीले शाळेत घालाचं हाय. आमचे हे म्हनते, बापच शाळेत हाय, लोकं हासतीन." एवढंच बोलून ती गेली. मास्तरांनी त्या दिवशी कुणालाच काही विचारलं नाही.

परीक्षेचं केंद्र मेहकरला. दरवर्षीप्रमाणे मास्तरांनी तिथे खोली केली, पोरांना घेऊन गेले, पिठलं-भाकरी करून घातली. मीही सोबत होतो. गणिताच्या पेपराला फाटकाशी त्यांनी पुंजाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज गवळी दुधात पानी टाकन. टाकू दे."

"पन मास्तर, काऊन..."

"आज नाई. आज काऊन नाई म्हनाचं. जेवढं टाकतो तेवढं मोजाचं अन् उत्तर लिहाचं."

मास्तरांना हे बोलताना मी पाहिलं. उभ्या आयुष्यात ज्यांनी एक शब्द सोडला नव्हता, ते दुसऱ्याला तो गिळायला सांगत होते. मला त्या बोर्डाचा, पेपर काढणाऱ्याचा आणि त्या गवळ्याचाही मनापासून राग आला.

पेपर सुटला. पुंजाजी मान खाली घालून आला. "मिसळलं मास्तर, पानी," तो म्हणाला.

पुंजाजी पास झाला. गावाने हार घातले, हेडमास्तरांनी भाषणात त्याला आमच्याच शाळेचा म्हटलं आणि सासऱ्याने पेढे वाटले. पुढे दुसरबीडकडे नेमणूक झाली. बिऱ्हाड घेऊन तो एसटीत बसला तेव्हा सगळं गाव थांब्यावर होतं, एक मास्तर सोडून.

मी चिडूनच त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर सतरंजी अंथरून बसले होते.

"आला काऊन नाहीत, असं मी विचारू का आता?" मी म्हणालो.

मास्तरांनी सतरंजीची सुरकुती सारखी केली. मग म्हणाले, "सर, इतके वर्ष माह्यासंग कोनीतरी जेवत होतं, भांडत होतं. त्याले मीच पास करून टाकलं."

"मग होऊ द्यायचा होता नापास."

"नाई. त्याची पोरगी शाळेत जाईन." मग ते माझ्याकडे पाहू लागले. "सर, तुम्हाले गनित कितपत येते?"

"बेताचंच," मी म्हणालो आणि चपला काढून सतरंजीवर बसलो.

त्यांनी मला एक साधं व्याजाचं गणित घातलं. चौथीच्या पोराला यावं इतकं सोपं. मी पाटीवर बरीच आकडेमोड केली आणि धडधडीत चुकीचं उत्तर सांगितलं.

मास्तरांनी पाटी हातात घेतली, चष्मा पुसला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला.

"लय कच्चे हा सर तुम्ही," ते म्हणाले. "रोज या लागन."