पाहिल्याशिवाय न मानणारे गंगाराममामा

यंदा मी उगवण न तपासता सोयाबीन पेरलं. कारण एकच. शेजारच्या गंगाराममामांनी "तपास" म्हणून सांगितलं होतं.

मामा ओलं गोणपाट खांद्यावर टाकून स्वतः आले होते. "शंभर दाने यात गुंडाळ. पाच दिसानं उघड. कितीला मोड आले ते मोज, मंग पेर."

"मामा, बियाणं चांगलंय. दुकानदार म्हणाला."

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "आयकलं का पाह्यलं?"

या एका प्रश्नानं अख्ख्या पुसेगावचं रक्त आटवलंय. सेनगावची एसटी चुकली म्हणून माणूस रडकुंडीला आलेला असतो, आणि मामा विचारतात, "गेलेली आयकली का पाह्यली?" एकदा भावकीतला पोरगा धापा टाकत सांगायला आला की म्हातारा गेला. त्यालाही हाच प्रश्न. मामा घरात शिरले, नाडी धरून बसले, आणि बाहेर येऊन बायकांना म्हणाले, "व्हय, गेला. रडा आता."

माझ्या भाच्याची सोयरीक ठरत होती तेव्हा त्यांना बरोबर नेण्याची अक्कल माझीच. मुलीचा बाप म्हणाला, पोरगी भाकरी चांगली करते. मामांनी प्रश्न टाकला. बिचारीनं चुलीपुढं बसून पाच भाकरी थापल्या. पाचही टम्म फुगल्या. इथं थांबावं की नाही माणसानं? मामा भाच्याकडं वळले. "आता पोरगं. ट्रॅक्टर येतो म्हनतेत." भाच्यानं सगळ्यांदेखत होणाऱ्या सासऱ्याचा बांध फोडला. सोयरीक तिथंच मोडली, आणि मामा परतीच्या जीपमध्ये गाढ झोपले. माझी बहीण अजून माझ्याशी बोलत नाही. मामांशी बोलते.

अशा माणसाच्या सांगण्यावरून दाणे मोजत बसायचं? मी गोणपाट परत पाठवलं आणि पेरून मोकळा झालो.

रान उगवलं ते म्हाताऱ्याच्या तोंडासारखं. इथं एक दात, तिथं एक. मामा बांधावर येऊन उभे राहिले. मी सांगितलं की पावसानं ओढ दिली, ट्रॅक्टरवाल्यानं खोल पेरलं, जमीनच आवळली. पेरून झाल्यावर मला कारणं फार छान सुचतात.

"ही कारनं आत्ता उगवून राहिली," मामा म्हणाले. "पेरलंस तवा कोनतं व्हतं?"

आता सांगायचं तरी काय? 'तुम्ही तपास म्हणालात म्हणून तपासलं नाही' हे कुठल्या तोंडानं सांगणार? माझं डोकं तापलं. सगळं तपासून जगणाऱ्या या माणसात एक तरी खोट असलीच पाहिजे, आणि ती मी शोधणार असं मी मनाशी पक्कं केलं.

ती त्याच दिवशी सापडली. दिवेलागणीला भिंतीपलीकडून मामांचा आवाज आला. "सतरा, अठरा... ये गं लंगडे... एकोनीस..." मामा मेंढरं मोजत होते. त्यांची मेंढरं दोन वर्षांपूर्वीच विकली गेली. मी स्वतः ती टेम्पोत चढताना पाहिली होती. मला इतका आनंद झाला की चप्पल न घालताच पळालो.

अंगणाच्या फाटकातून पाहिलं तर मामा मेंढरांच्या रिकाम्या वाड्याशी उभे, आणि ओसरीवर गयामामी ताट पुढ्यात घेऊन बसलेली. मामीला वर्षभरापासून धड काही आठवत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. पण त्या घटकेला मला फक्त मामा दिसत होते.

"मामा," मी फाटकातूनच खणखणीत म्हणालो, "त्यातलं एक तरी मेंढरू दाखवा मला."

मामीचा घास हातातच राहिला. "आली न्हाईत का?" तिनं ताट बाजूला सारलं.

मामा माझ्यापाशी आले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मेंढरं घरी आल्याबिगर तिच्या पोटात घास जात न्हाई रे."

एवढंच. आणि ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांनी मला काहीच विचारलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं.

मी म्हणालो, "येऊन राहिलीत, मामी. आत्ताच नाल्यापाशी होती. सगळी आहेत."

मामी मामांना म्हणाली, "मंग ह्या येड्याला फाटकातून सरकवा की. मेंढरं आत येतील कुठून?"