पडलेल्या फळीचा खुलासा

मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. स्थळ : पहिल्या मजल्यावरचा दिवाणखाना. भिंतीवरची पाच फुटी लाकडी फळी, तिच्यावरच्या अकरा गठ्ठ्यांसह, खालच्या सोफ्यावर कोसळली. जीवितहानी नाही. सोफ्याच्या पाठीतली एक स्प्रिंग बाहेर आली.

त्या अकरा गठ्ठ्यांत खुलासेकाकांची चौतीस वर्षांची पत्रकारिता होती. (खरे नाव वेगळे. पण निवृत्तीनंतरही दूधवाल्यापासून नगराध्यक्षापर्यंत ज्याला त्याला "याचा खुलासा करा" म्हणून धारेवर धरत, तेव्हा वसाहतीने बारसे करून टाकले.)

धूळ खाली बसल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "वजन झेपणार नाही, हे मी दोन वर्षं सांगतेय. शनिवारी दहाला रद्दीवाला येतोय. अकराही गठ्ठे देऊन टाकते."

"फळी गठ्ठ्यांमुळे पडली, हे सिद्ध झालंय?"

"मग काय माझ्या बोलण्यानं पडली?"

"हा सुताराचा निष्काळजीपणा आहे. उघड उघड."

"दाखवून द्या. गठ्ठ्यांचा दोष नाही असं ठरलं तर ते परत भिंतीवर. नाहीतर तराजूत."

काकांनी बाह्या सरसावल्या. लेकीने त्यांना एक ऑनलाइन फॉर्म एडिटर उघडून दिला. त्यात नुकसानभरपाईच्या दाव्याचा तयार नमुना होता. रिकाम्या जागा भरायच्या, नको ते खोडायचे, सही करायची आणि पाठवायचे. चौतीस वर्षे इतरांच्या भानगडी लिहिणाऱ्याला हे म्हणजे हातचा मळ. पण नमुना अपघातात जखमी झालेल्यांसाठी होता आणि तिसऱ्याच रकान्यावर लाल चांदणी होती : दुखापत झालेला अवयव. तो भरल्याशिवाय गाडी पुढे सरकेना.

"अहो, सोफ्याची पाठ गेलीय ना? पाठ लिहा," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

काकांनी पाठ निवडली. लगेच पुढचा प्रश्न उगवला : या दुखण्याचा दावेदाराच्या वैवाहिक जीवनावर परिणाम झाला आहे काय?

"हो म्हणा," काकू मान वर न करता म्हणाल्या.

'घटनेचा तपशील' या रकान्यात मात्र काकांना सूर सापडला. त्यांनी आधी मथळाच दिला : 'सुताराच्या बेपर्वाईचा कळस!' त्याखाली 'आमच्या विशेष प्रतिनिधीकडून'. मजकूर असा तिखट उतरला, की वाचून त्यांनाच सुताराची दया आली. आता नुसते पाठवायचे बाकी होते. पण काकांचा एक दंडक होता. समोरच्याची बाजू घेतल्याशिवाय त्यांनी जन्मात एकही बातमी छापायला दिली नव्हती. त्यांनी फॉर्मची लिंक सुतारालाच पाठवली.

"बाबा," लेक म्हणाली, "ज्याच्यावर दावा करायचा त्यालाच दावा लिहायला बसवतात का कुणी?"

"त्याची बाजू यायला हवी. मग ती खोडून काढू."

"निदान 'फक्त पाहणे' तरी दाबायचं. तुम्ही 'बदल करणे' दाबलंय."

"त्याची बाजू त्याच्याच शब्दांत येऊ दे."

पाचच मिनिटांत पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकू लागली. तिच्यावर लिहिले होते : सुतार. रेघेने पहिल्या झटक्यात 'बेपर्वाईचा कळस' पुसला. (चौतीस वर्षांत कोणा संपादकाची एवढी हिंमत झाली नव्हती.) मग एक फोटो चिकटवला. फळी लावली त्या दिवसाचा, सहा पितळी स्क्रू चमकताहेत असा. खाली अक्षरे उमटली : "काका, सहा मारले होते. आता भिंतीत किती आहेत?"

काका स्टुलावर चढले. आकडा दडवणे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी टाइप केले, "दोन. वाकलेले."

"बाकीचे चार खाली पडलेत का बघा."

तिघांनी मिळून सोफा सरकवला. एक कंगवा, पेनाचे टोपण आणि काकांनी 'चोरीला गेला' म्हणून जाहीर केलेला चष्मा निघाला. स्क्रू नव्हते.

लेकीने भिंतीवर मोबाइलचा उजेड मारला. "ही चार भोकं अगदी साफ आहेत. स्क्रू उपटले नाहीत, कुणीतरी फिरवून काढलेत."

हिरवी रेघ पुन्हा पळाली : "बरोबर. सहाही असते तर अकरा काय, बावीस गठ्ठ्यांनी फळी हलली नसती."

"वाचा!" काका गरजले. "मोठ्यानं वाचा. गठ्ठे निर्दोष!"

"वाचलं," काकू म्हणाल्या. "पण मग चार स्क्रू नेले कुणी?"

"तेच! याचा खुलासा..."

आणि काकांचा आवाज अर्ध्यावर राहिला. एकोणीस दिवसांपूर्वीची दुपार त्यांना आठवली. हातात नावाची नवी पाटी, हार्डवेअरचे दुकान बंद, आणि भिंतीवर एका साध्या फळीसाठी सहा सहा स्क्रूंची उधळपट्टी.

काकू उठल्या. दार उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी भाजीचे ताट पुढ्यात ओढले.

"पितळी आहेत," त्या म्हणाल्या. "मला काय, मी आपली लोकांचं म्हणणं ऐकून घेणारी बाई. स्क्रू कुणी काढले ते सांगा आणि गठ्ठे ठेवा. नसेल सांगायचं, तर वजनानं पडली."

काकांनी घसा खाकरला. आयुष्यभर ज्या वाक्यावर त्यांनी पुढाऱ्यांना झोडपले, तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडले : "योग्य वेळी बोलेन."

"शनिवार सकाळी दहा," काकू म्हणाल्या.

आज शुक्रवार संध्याकाळ. फॉर्मचे सगळे रकाने भरून झाले आहेत. 'निष्काळजीपणा करणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव' या एका रकान्यावर लाल चांदणी तशीच आहे, आणि शेजारी हिरवी रेघ लुकलुकत वाट पाहते आहे. रद्दीवाल्याने येतो म्हणून निरोप धाडला आहे. बाहेर दारावर 'ज्येष्ठ पत्रकार' ही पाटी चार पितळी स्क्रूंवर अगदी घट्ट बसली आहे. हे स्क्रू कोठून आले, याबाबत संबंधितांकडून अद्याप कोणताही खुलासा आलेला नाही.