शंभर किलोमीटरला पाच

मध्यभारत बुडाला, मध्यप्रदेश उगवला, राजधानीचा मान ग्वाल्हेरहून उचलून भोपाळला नेला, आणि तेवढ्यानंही समाधान होईना म्हणून सरकारनं मैल आणि गॅलनही रद्द केले. सरकारी गाड्यांचा पेट्रोलखर्च नव्या मापात कसा लिहावा, यावर टिपण करायचं काम आमच्या ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या ऑफिसात माझ्याकडं आलं. (गळक्या छपराखाली बसून, चांगली छपरं राजधानीबरोबर गेली.) लिटरला किती किलोमीटर, की शंभर किलोमीटरला किती लिटर? पहिलं कुणालाही कळलं असतं. म्हणून मी दुसरं निवडलं.

तिथंच थांबलो असतो तर आज ग्वाल्हेरच्याच कंपू मोहल्ल्यात मान वर करून फिरलो असतो. पण कंपूत माझी सासुरवाडी, आणि सासऱ्यांकडं मोटार. सासरे जगदेवराव संस्थानच्या जुन्या फौजेत रिसालदार होते. फौज विलीन झाल्यावर घोडा सुटला, तेव्हा त्यांनी एका सरदाराची म्हातारी मोटार घेतली. माझी मेहुणी लीला, तिचा साखरपुडा झाशीला ठरला होता. मुहूर्त दुपारी बाराचा, आणि मुलाचे काका असे की, स्थळ मोडायला निमित्तच शोधत होते.

दिवाळीत मीच त्या मोटारीचा हिशेब करून गॅरेजच्या भिंतीवर खडूनं पाचाचा आकडा काढला होता. लिटरला पाच किलोमीटर. (माप लिहिलं नव्हतं. ते काय, मला पाठच होतं!) निघायच्या सकाळी नवं माप डोक्यात घेऊन मी तोच आकडा वाचला आणि ओरडलो, "शंभर किलोमीटरला पाच लिटर! झाशी शंभर किलोमीटर. बस, पाच लिटर घाला!"

"जावईबापू, टंकी फुल्ल करून घेऊ का? रस्त्यात मिळेल न मिळेल," सासरे म्हणाले.

"सरकारी हिसाब आहे, बाबासाहेब."

"अहो, ही गाडी इथल्या इथं मुरारला जाऊन येते तरी पीतच राहते," माझी बायको विजया म्हणाली. "पाचात झाशी?"

"विजू, जावईबापू बोलले ना? बस."

आमच्याकडं हीच पंचाईत. जावई बोलला की सासुरवाडी मान खाली घालते. मोटारीला वैरण घाला म्हटलं असतं तर पेंढी आली असती. डिकीतला पेट्रोलचा भरलेला कॅनसुद्धा सासऱ्यांनी माझ्या सांगण्यावरून उतरवून ठेवला. (वजनानं हिशेब बिघडतो.)

आंतरीच्या अलीकडं मोटार खोकली आणि थांबली.

"पेट्रोल संपलं असं वाटतं," सासरे अदबीनं म्हणाले. "अर्थात, जावईबापू म्हणत असतील तर नसेल संपलं."

मी डोळे मिटले आणि भिंत आठवली. लिटरला पाच, पाच लिटरला पंचवीस. आम्ही बरोबर तेवढंच आलो होतो. शालू सावरत बसलेल्या लीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी कोळशाचा एक ट्रक झाशीकडं निघालेला मिळाला. लीला आणि विजया ड्रायव्हरशेजारी, सासरे आणि मी कोळशावर. पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. दारात काका उभे, हातात घड्याळ.

"ये कोई टाइम आहे? कारण तरी सांगा!"

सासऱ्यांनी माझ्या काळ्याठिक्कर तोंडाकडं पाहिलं. जन्मात पहिल्यांदा ते जावयाविरुद्ध बोलले.

"काय आहे, झाशी ग्वाल्हेरहून चार जावई लांब आहे. आम्ही एकच घेऊन निघालो होतो." मग त्यांनी समजावून सांगितलं, "एक जावई म्हणजे, ह्यांच्या हिशेबानं पेट्रोल घातलं की आमची मोटार जाते तेवढं अंतर."

आधी नवरामुलगा हसला, मग काकासुद्धा. त्या हसण्यातच साखरपुडा उरकला.

पुढं सरकारनं लिटरला किलोमीटर हेच माप पसंत केलं. माझं टिपण परत आलं, सोबत भोपाळला बदलीचा हुकूम. निदान कंपूत तरी कुणी हळहळेल म्हणून मी धावत सासऱ्यांकडं गेलो.

त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"भोपाळ? सतरा जावई होतील," ते म्हणाले. "आगगाडीनं जा."