समासातली 'ही'

माणसाची कंबर मी नुसत्या नजरेनं सांगतो. पंचवीस वर्षं शिवणकाम केलंय, चुकलो तर अर्धा इंच! पण मन? त्याला टेप कुठून लावणार? म्हणून ठरवलं, रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मनावरच्या पुस्तकाची दहा पानं वाचायची. बायकोला ऐकवलंसुद्धा, "महिन्याभरात घरात नवा माणूस दिसेल!"

"जुन्याला कुठं ठेवायचं तेवढं सांगा," ती म्हणाली आणि काजं करायला बसली.

पुस्तक भारी होतं हो! पान उलटलं की माझा एक दोष समोर हजर. 'दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणे.' अरे, ही तर माझीच सवय! कानावरची पेन्सिल काढून समासात लिहिलं, 'ही!' पुढं 'विनाकारण चिडणे.' 'ही!' 'चूक कळूनही हट्ट न सोडणे.' 'ही! ही!' तीन आठवड्यांत एकेचाळीस 'ही' झाल्या. तंग विजारीचं बटण सोडावं तसं मन मोकळं झालं!

आणि काय चमत्कार! बायकोही शांत झाली. काही विचारलं तर नुसतं "हं." मी खूश! वाचनाचा गुण तिलाही लागला म्हणायचा! चार दिवस डॉक्टरांचा कोट काजांवाचून लोंबकळत होता, तरी मी चकार शब्द काढला नाही.

पाचव्या दिवशी दारात सासूबाई. हातात मोठी रिकामी बॅग.

"जावईबापू, माझ्या लेकीत एकेचाळीस दोष?"

"कोण म्हणालं?"

"तुमचंच अक्षर म्हणतंय!" बायकोनं पुस्तक टेबलावर आदळलं. "पुसायला उचललं तर पानोपानी मी! चिडकी कोण? ही! हट्टी कोण? ही! तेही दोनदा! आई, माझे कपडे भर!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पायाखालची जमीन सरकली, दोन्ही एकदमच!

"अगं, ही म्हणजे तू नव्हेस! ही म्हणजे सवय! माझी!"

"म्हणजे बोलणं मध्येच तो–"

"मीच!"

"चिडका?"

"मीच!"

सासूबाईंनी बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. कंजूष? मीच! आळशी? मीच! कोट न्यायला आलेले डॉक्टर दारातच थबकले. म्हटलं, "साहेब, उद्या या ना!" तर म्हणाले, "छे छे, चालू द्या! मला घाई नाही."

अठ्ठ्याऐंशीवं पान आलं. 'जुनी भांडणं उकरून काढणे.'

बायकोनं डोळे बारीक केले. "हीपण तुमचीच?"

"माझीच!"

"मग! अकरा वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीसमोर 'तुला काय कळतंय' म्हणालात. बुधवार होता. मी काढलं का कधी ते?"

"कधीच नाही!"

"तरी तुमच्या पस्तिसाव्या वर्षीच सांगितलं होतं मी तुम्हाला, तुमचा स्वभाव असा आहे म्हणून. फुकट सांगितलं, पुस्तक लागलं नाही!" असं म्हणून तिनं कोट ओढला आणि सुईत दोरा ओवला. सासूबाई समाधानानं घरी गेल्या.

तुम्हाला म्हणून सांगतो, चाळीस 'ही' अगदी माझ्याच होत्या. अठ्ठ्याऐंशीव्या पानावरची तेवढी... हळू हो, हळू! ती पलीकडेच काजं करतेय!