तात्यांनी पत्रा धरला

फौजदार सकाळपासून तिसऱ्यांदा पिल्लू तोंडात धरून माळ्यावरून खाली उतरली, तेव्हा भानुदासतात्यांनी पेपर बाजूला ठेवला.

फौजदार म्हणजे त्यांच्या घरची मांजर. लहानपणीचा तिचा रुबाब बघून कुशाबाईंनी हे नाव ठेवलं होतं. पुढे ती व्याली आणि नावात गफलत झाल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं, पण तोवर पळसदेवमधल्या त्या आळीला नावाची सवय झाली होती. नऊ दिवसांपूर्वी माळ्यावर, कांद्याच्या पाटीमागे, तिला चार पिल्लं झाली होती.

"हिला काय झालंय आज?" तात्या म्हणाले. "वर चांगली ऊब हाय, आन् ही पोरं उचलून चुलीमागं आणतीया."

"आणू द्या की," कुशाबाई आतून म्हणाल्या. "तिला काय तरी कळत आसंल. मला बी आज वाऱ्याचं लक्षण बरं दिसंना."

"ऐन थंडीत कुठं वादळ आसतं व्हय? आन् आलंच, तर आता मी हाय ना घरात!"

हे वाक्य तात्या गेले तीन महिने रोज एकदा तरी म्हणत होते. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. धरणाचं पाणी आलं, गाव उठलं, नव्या गावठाणात हे पत्र्याचं घर बांधलं, त्यालाही आता वीस वर्षं होत आली होती. पण प्रत्येक वादळात तात्या नेमके दुसऱ्याच कुठल्या तरी गावी मुक्कामाला असत. दुसऱ्या दिवशी घरी येत, तर घर जागच्या जागी. घर आपलं आपणच उभं राहतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

प्रवाशानं एकदा जागा धरली की उतरेपर्यंत बदलू नये, हे त्यांचं नोकरीतलं तत्त्व. त्यानुसार त्यांनी पिल्लू उचललं, शिडीवर चढले आणि त्याला होतं तिथे नेऊन ठेवलं. गाडी फुल आहे म्हटल्यावर प्रवासी जसे बघतात, तशी फौजदार खालून त्यांच्याकडे बघत राहिली.

जेवण झाल्यावर तात्यांचा डोळा लागला. तो उघडला तीनच्या सुमाराला, पत्र्याच्या आवाजानं.

उजनीच्या पाण्यावरून वारं सुटलं होतं. मध्ये ना झाड ना टेकाड, त्यामुळे ते थेट आळीत घुसलं. धूळ, उसाचं पाचट, कुणाची तरी टोपी आणि समोरच्या द्वारकाबाईंचं वाळत घातलेलं लुगडं, असा सगळा लवाजमा दारावरून हायवेच्या दिशेनं निघून गेला. टीव्हीच्या अँटेनानं आधी मान वळवली, मग मान टाकली. लाइट गेली.

"कुशे, घाबरू नगंस! मी हाय!" तात्या ओरडले. त्यांनी पहिलं काम केलं ते मागच्या दाराला कडी लावायचं. मग खिडक्या लावल्या.

"अवं, मागचं दार नगा ना लावू..."

"तू गप बस. वारं आत आलं न्हाय पायजे."

कुशाबाई गप्प बसल्या नाहीत, पण वादही घालत बसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरची बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर उतरवली, वाकळेत गुंडाळून पेटीत ठेवली आणि चुलीतला विस्तव विझवला. तेवढ्यात पत्र्यावर ठेवलेल्या दगडांतला एक गडगडत खाली आला. किती दगड राहिलेत ते बघावं म्हणून तात्यांनी पुढचं दार उघडलं. त्यांच्या मते थोडंसंच.

वाऱ्याला थोडंसं हा प्रकार माहीत नव्हता. दार हातातून सुटून भिंतीवर आपटलं. कॅलेंडर उडालं, सुपातले तांदूळ उडाले. आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून त्यानं छपराला खांदा लावला. एका कोपऱ्यात पत्रा वीतभर उचलला गेला आणि धाडकन खाली बसला. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा कुशाबाई मागच्या दाराशी होत्या. त्यांनी कडी काढली, दार हातभर उघडलं आणि ते हलू नये म्हणून त्याला पाटा लावला. वारं त्या फटीतून सुसाट बाहेर पळालं. छप्पर निमूट बसलं. मग दोघांनी मिळून पुढचं दार लोटलं आणि त्याला आडवं मुसळ घातलं.

"हे तुला कुणी शिकवलं?" तात्यांनी धापा टाकत विचारलं.

"पत्र्यानंच. ब्याऐंशी साली गेला व्हता न्हवं का एक."

"गेला व्हता? मला कसं ठावं न्हाय?"

"तुमी अक्कलकोट मुक्कामी व्हता."

एवढं बोलून कुशाबाईंनी पिठाच्या डब्यामागून एक जाड नायलॉनची दोरी काढली. मासे धरायच्या जाळ्याची ती दोरी, एका टोकाला आधीच फास मारून ठेवलेला. त्यांनी ती वर भिरकावली. एका झटक्यात ती वाशावरून पलीकडे पडली. मग दोन्ही टोकं ओढून त्यांनी लोखंडी खाटेच्या पायांना बांधली आणि खाटेवर ज्वारीचं एक पोतं ठेवलं, दुसरं ठेवलं आणि वर जातं ठेवलं.

तात्या पोत्याला हात लावायला पुढे झाले, तोवर काम संपलेलं. त्यांचं लक्ष खाटेच्या पायांकडे गेलं. दोरी बसली होती तिथला रंग घासून घासून गेला होता, लोखंड चकचकीत झालं होतं. याच खाटेवर ते वर्षानुवर्षं झोपत आले होते. तो रंग उंदरांनी खाल्ला असावा, असं त्यांना वाटत असे.

तेवढ्यात वरून बारीक आवाज आला. अगदी धाग्यासारखा.

कुशाबाईंनी चुलीमागे वाकून बघितलं. "तीनच हायती. तुमी झोपल्यावर तिनं आणिक एक आणलं, तरी एक कमी हाय."

कमी कोणतं आहे हे तात्यांना लगेच कळलं. फौजदार त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती शिडीवरून सरळ वर गेली.

"मी आणतो," तात्या म्हणाले. "मीच ठिवलंय."

माकडटोपी घालून, वर जुना खाकी कोट चढवून ते शिडी चढले. कांद्याच्या पाटीमागे पिल्लू थरथरत होतं. त्यांनी ते कोटाच्या खिशात घातलं आणि वळले, तोच कोपऱ्यातला पत्रा पुन्हा उचलला गेला. दचकून त्यांचा पाय शिडीला लागला. शिडी घसरली आणि खाली पडली. घाबरलेल्या फौजदारनं उडी मारली ती तात्यांच्या डोक्यावर, आणि चारही पायांची नखं माकडटोपीत रोवली. पडायला नको म्हणून तात्यांनी हाताला आलं ते घट्ट धरलं. हाताला आली होती पत्र्याची कड. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये आता माणसाचं डोकं मावेल एवढी फट होती, आणि पुढच्या हिसक्यात त्यांचं डोकं त्या फटीतून बाहेर गेलं.

पळसदेवमध्ये त्या घटकेला छपराबाहेर डोकं, डोक्यावर मांजर आणि हातात पत्रा असा एकच इसम होता.

कुशाबाई दुसरी दोरी आणायला मागच्या अंगणात गेल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल म्हणून तात्यांनी जीव खाऊन आरोळी दिली, "शिडी आण! अगं, शिडी आण! शिडी!"

ती कुशाबाईंनी ऐकली नाही. ऐकली ती समोरच्या दारात उभ्या असलेल्या संभाजीनं. द्वारकाबाईंचा हा मुलगा मघापासून घराबाहेर पडावं की पडू नये या विचारात होता. त्यानं तात्यांना छपरावर बघितलं, आणि वाऱ्यानं त्याच्यापर्यंत शब्द आणून पोहोचवले ते असे, "शेरडी आण! शेरडी!"

संभाजी गोठ्याकडे पळाला. आठच्या आठ शेरडं कानाला धरून, ढकलून, त्यानं घरात घेतली. शेवटचं आत आलं आणि अंगणातली बाभळ मुळासकट गोठ्यावर पडली.

इकडे कुशाबाई दोरी घेऊन आत आल्या. वर बघितलं तर नवऱ्याचे फक्त पाय.

"अवं, काय करताय वर?"

"धरलाय!" आवाज आला.

"मग धराच. सोडू नगा. आलेच मी."

त्यांनी शिडी उभी केली, पदर खोचला आणि वर चढल्या. तात्यांच्या शेजारी बसून त्यांनी त्या कोपऱ्याचा पत्रा आणि वासा दोरीनं असा काही आवळला, की वाऱ्यानं दोनदा ओढून बघितलं आणि नाद सोडला. मग त्यांनी फौजदारला मानेला धरून डोक्यावरून सोडवलं.

"आता सोडा."

तात्यांची बोटं सुटेनात. कुशाबाईंनी ती एकेक करून सोडवली, अगदी हळू. खिशातलं पिल्लू एव्हाना झोपलं होतं.

पाचच्या सुमाराला वारं पडलं. आळी बाहेर आली. चार घरांचे पत्रे उडाले होते, एकाचा तर थेट हायवेपलीकडे सापडला. तात्यांच्या घरचा एकही नाही. संभाजी आला तो सरळ तात्यांच्या पाया पडला.

"तात्या, तुमी हाक दिली म्हणून माझी शेरडं वाचली."

"अरं कसली हाक? मी शिडी म्हणत व्हतो! शिडी पडली व्हती माझी!"

संभाजी जमलेल्या लोकांकडे वळला. "बघा. ह्याला म्हणायचा मोठेपणा. मी डोळ्यानं बघितलंय. छातीनं पत्रा धरलाय, वर मांजराला बी अंगावर घेतलंय, आन् ध्यान कुठं? तर शेजाऱ्याच्या शेरडांवर!"

"खरं सांगतो, मी काय बी केलं न्हाय," तात्या कळवळून म्हणाले. "उलट मागलं दार लावून, पुढलं उघडून मीच घोटाळा केला. दोऱ्या हिनं बांधल्या. घर हिनं वाचवलं."

"बायकोचं बी नाव पुढं करत्यात," गर्दीतून कुणीतरी कौतुकानं म्हणालं. "न्हायतर आमी!"

तात्या जितकं खरं बोलत होते, तितकी त्यांची कीर्ती वाढत होती. त्यांनी केविलवाण्या नजरेनं कुशाबाईंकडे बघितलं.

"काकू, तुमीच सांगा," संभाजी म्हणाला. "तात्या वर व्हते का न्हवते?"

"व्हते की," कुशाबाई म्हणाल्या. "चांगले पाव तास."

विषय संपला. येत्या सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्यासमोर तात्यांचा सत्कार करायचा, असं तिथल्या तिथे ठरलं. गर्दी पांगल्यावर मागे राहिल्या त्या फक्त द्वारकाबाई. त्या कुशाबाईंच्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या,

"मागलं दार हातभर उघडं ठिवलं व्हतंस न्हवं?"

"व्हय. पाटा लावून."

"मी बी," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि आपलं लुगडं शोधायला निघून गेल्या.

तात्यांनी ते ऐकलं. दिवेलागण झाली होती, पण लाइट आली नव्हती. कुशाबाईंनी कंदील लावला आणि खाटेवरच्या पोत्याला पाठ टेकून बसल्या. चुलीमागे फौजदार चारही पिल्लांना चाटत होती. तात्यांनी खाटेच्या चकचकीत पायावरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं,

"वीस वर्षं दर वादळाला तू हे असंच करायचीस?"

"मग काय."

"आन् मला एकदा बी सांगितलं न्हाईस?"

"सांगणार कवा?" कुशाबाई साध्या सुरात म्हणाल्या. "तुमी आला की तुमच्या गाडीत काय झालं ते सांगायला बसायचा. ते झालं की जेवायचा. जेवला की झोपायचा. उठला की ड्युटी."

तात्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी पोत्यापाशी बैठक मारली. "आता सांग. पयल्यापासनं."

"आता काय त्याचं..."

"न्हाय, सांग. मला ऐकायचंय."

कुशाबाईंनी आढेवेढे घेतले आणि सांगायला लागल्या. घर बांधलं त्याच वर्षीच्या वाऱ्यात दार कसं निखळलं आणि त्या रात्रभर त्याला पाठ लावून कशा बसल्या, ते सांगितलं. ब्याऐंशीचा पत्रा डोक्यावरून कसा परत आणला, ते सांगितलं. तात्या मध्ये एक अक्षर बोलले नाहीत. हुंकार मात्र न चुकता देत होते. तिसरं वादळ भर दुपारचं होतं. पोरं शाळेत, वारं सुटलेलं, कुशाबाई एकट्या घराच्या आढ्यावर चढलेल्या, आणि हातातली दोरी नेमकी तुटली.

"मग?" तात्या पुढे सरकून म्हणाले.

उत्तर आलं नाही. दिवसभराच्या दमणुकीनं कुशाबाईंना बसल्या जागी झोप लागली होती.

तात्यांनी वाकळ आणून त्यांच्या अंगावर घातली. त्यांना उठवावं असं एकदा मनात आलं, पण धीर झाला नाही. मग भाकरी थापता येतात का ते बघावं म्हणून ते चुलीकडे गेले, आणि जाता जाता पुन्हा एकदा मागे वळून आढ्याकडे बघत राहिले. दोरी तुटल्यावर ही बाई तिथून उतरली कशी, हे काही केल्या त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.