घाटगे-सान पाण्यात उतरतात

घाटगे-सानना ज्या वस्तूमुळे लागतं, त्या वस्तूला ते तिचा जन्म सांगतात.

हे मला पहिल्यांदा कळलं ते टोकियोतल्या निशी-कसाई स्टेशनजवळच्या सायकलतळावर. जानेवारीतली सकाळ होती, बोटं गारठली होती आणि घाटगे-सानचा अंगठा सायकलच्या स्टँडमध्ये चिमटला होता. दुसरा कोणी असता तर त्यानं एक शिवी हासडली असती. घाटगे-सान उकिडवे बसले आणि सायकलीला शांतपणे म्हणाले, "लोखंडा, लई माज करू नको. तू दलदलीत लपून बसला होतास. लांडगा तुझ्यावरनं चालत गेला, अस्वल चालत गेलं. तुला चिखलातनं उपसून काढलाय, आठवतंय न्हवं?"

मग अंगठा तोंडात घालून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वहिनी, मूळ सांगितलं की वस्तू गप बसती."

"दुखायचं थांबलं का?"

"न्हाई. पण त्याला लाज वाटली."

घाटगे-सान मूळचे कोल्हापूरचे. आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एका बँकेची जुनी सिस्टीम सांभाळणं हे त्यांचं काम. ती इतकी जुनी आहे की तिची भाषा समजणारे जपानी लोक एकेक करून निवृत्त झाले आणि घाटगे-सान उरले. मुलगा पुण्यात नोकरीला असतो. इथे ते आणि त्यांच्या पत्नी शरयूताई असे दोघंच. ऑफिसातलं आदराचं जपानी 'सान' त्यांच्या नावाला असं चिकटलंय की आमच्या मराठी मंडळातही त्यांना कोणी नुसतं घाटगे म्हणत नाही.

माणसं नवीन वर्षाचे संकल्प करतात आणि मोडतात. घाटगे-सानचे मोडत नाहीत, ही खरी अडचण आहे. एका वर्षी त्यांनी ठरवलं, की जपानी लोकांसारखं गुडघे मुडपून बसायचं. वर्षभर बसले. साहेबांच्या निरोपसमारंभात मात्र त्यांना उठता येईना, तेव्हा खुद्द निवृत्त होणाऱ्या साहेबांनी त्यांना बगलेत हात घालून उभं केलं. दुसऱ्या एका वर्षी ते रोज सकाळी बागेत रेडिओवरच्या कवायतीला जायला लागले. तिथे आकडे मोठ्यानं मोजायची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि त्यांनी ती मराठीत पार पाडली. आमच्या बागेत आजही दोन जपानी आजोबा "येक, दोन, तीन" म्हणत हात वर करतात.

यंदाचं वर्ष फिनलंडचं निघालं, ते युक्कामुळे. युक्का हा त्यांच्या ऑफिसातला फिनलंडचा इंजिनियर. सहसा तो बोलत नाही. डिसेंबरातल्या ऑफिसच्या पार्टीत मात्र कोणीतरी त्याला त्याच्या देशातल्या जुन्या समजुतींबद्दल विचारलं, आणि तो जो सुरू झाला तो थांबेना. घरात एक बुटका रखवालदार असतो, त्याला नाताळात लापशी ठेवायची. पाण्यात एक ओढून नेणारा बसलेला असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या गोष्टीनं तुम्हाला इजा केली, तिचा जन्म कसा झाला हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तिची तुमच्यावर सत्ता चालत नाही. बाकीचे लोक बिअर पीत होते. घाटगे-सान ऐकत होते.

त्यांनी लगेच कामाला सुरुवात केली. घरातल्या रखवालदारासाठी तूप घातलेली खीर बाल्कनीत ठेवली. ती टोकियोच्या कावळ्यांनी खाल्ली, वाटी खालच्या मजल्यावर पाडली, आणि इमारतीच्या व्यवस्थापकानं सूचनाफलकावर 'कृपया बाल्कनीत पक्ष्यांना गोडधोड घालू नये' असा कागद लावला. घाटगे-साननी तो आदरानं वाचला आणि मला म्हणाले, "बरोबर हाय. रखवालदार घरातला, वाटी भाईर ठेवायचं काय कारण?"

एकतीस डिसेंबरला दुपारी त्यांनी मला आणि मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वर बोलावलं. फिनलंडमध्ये वर्ष संपताना कथील वितळवून गार पाण्यात ओततात आणि जो आकार होईल त्यावरून पुढचं वर्ष ओळखतात. घाटगे-साननी डागकामाची कथलाची तार आणली होती आणि शरयूताईंची फोडणीची पळी गॅसवर धरली होती.

शरयूताई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर. ऑक्टोबरात त्या स्टेशनच्या जिन्यावर पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी आल्या आणि मग घरीच राहिल्या. एरवी या बाईंनी निम्म्या निशी-कसाईला पुरणपोळ्या शिकवल्या होत्या. आता कोणी आलं तर बसायच्या, विचारलं तर बोलायच्या.

"पळी कामातनं गेली," त्या म्हणाल्या.

"नवी आणू," घाटगे-सान म्हणाले.

तेवढ्यात धुरानं छतावरचं यंत्र जागं झालं आणि त्यातली बाई अतिशय नम्रपणे "काजी देसु, काजी देसु" म्हणजे 'आग लागली आहे' असं सांगू लागली. मिलिंद खुर्चीवर चढून ताटानं वारा घालू लागला. मी खिडक्या उघडल्या. घाटगे-सान पळी न हलवता म्हणाले, "तिला सांगा, आग न्हाई, भविष्य हाय."

मिलिंदच्या कथलाची जिलबी झाली. त्यावर 'वर्षभर गोड बंद' असा निकाल लागला. माझी चप्पल झाली, म्हणजे मी चालायचं. शेवटी घाटगे-साननी स्वतःचं कथील ओतलं. बादलीतून निघालं ते काहीच नव्हतं, नुसता गोळा. त्यांनी तो शरयूताईंसमोर धरला.

"काय दिसतंय?"

"बेडूक," त्या नीट न बघताच म्हणाल्या.

घाटगे-साननी गोळा उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे पोहायला शिकायला पायजे."

"तुम्ही?" असं म्हणून शरयूताई हसल्या. ऑपरेशननंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

हसण्यासारखंच होतं. आमच्या मंडळानं एकदा सुमिदा नदीवर बोटीची सहल काढली होती, तेव्हा घाटगे-सान बोटीत बसलेच नव्हते. डबे घेऊन काठानं चालत होते आणि प्रत्येक पुलावर थांबून आम्हाला हात करत होते. पंचगंगेच्या गावचा हा माणूस नदीवर आंघोळ केली तरी पायरीवर बसून, तांब्यानं.

पण संकल्प म्हणजे संकल्प. त्याचे त्यांनी दोन भाग पाडले. अंगासाठी पोहणं आणि डोक्यासाठी जन्मकथा. दुसरा भाग लगेच फळाला आला. ऑफिसातल्या त्या जुन्या सिस्टीममध्ये एक चूक सारखी डोकं वर काढत होती आणि साहेब विचारत होते, दुरुस्त कधी होणार. घाटगे-सान म्हणाले, आधी तिचा जन्म शोधतो. शोधत शोधत ते ती सिस्टीम लिहिणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांपर्यंत पोचले. ते गृहस्थ मुळ्याची शेती करत होते. त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. चूक मिटली, वर मुळेही मिळाले. आमच्याकडे दोन आले.

पहिला भाग मात्र अवघड होता. माझी मुलगी ईरा शनिवारी सकाळी वॉर्डाच्या तरणतलावावर शिकायला जाते, म्हणून मला तो सगळा बघायला मिळाला. काचेच्या पलीकडे मुलं बेडकासारखी सपासप जात होती आणि काचेच्या उघड्या दाराजवळच्या कोपऱ्यात निळी टोपी घातलेले घाटगे-सान काठावर बसून पाण्याशी बोलत होते.

प्रौढांना शिकवणाऱ्या ओनो-सान या सडपातळ, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, कोणाशी बोलताय? घाटगे-साननी आपल्या ऑफिसच्या जपानीत समजावलं. पाण्यात एकजण राहतो. उतरण्याआधी त्याला सांगायचं असतं, 'तू काठावर ये, मी पाण्यात जातो.' मग तो ओढत नाही.

मला वाटलं, आता या बाई व्यवस्थापकाला बोलावणार. ओनो-साननी थोडा विचार केला.

"म्हणजे कप्पा, पाण्यातलं पिशाच्च," त्या म्हणाल्या. "आमच्या नद्यांमध्येही असतो. त्याला काकडी आवडते."

आणि पाण्यातला तो काठावर जिथे येऊन बसला असता, तिथे त्यांनी थोडंसं वाकून नमस्कार केला.

पुढच्या शनिवारी घाटगे-सान काकडी घेऊन आले. तलावाच्या काठावर खाद्यपदार्थ न्यायला बंदी असल्यामुळे ती कपड्यांच्या कपाटात राहिली आणि नंतर आम्ही मीठ लावून खाल्ली.

काकडीनं फारसा फरक पडला नाही. जानेवारी संपला तरी पाणी त्यांच्या गुडघ्यांपर्यंतच होतं. दर तासाला शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढतात आणि थोडा वेळ विश्रांती घ्यायला लावतात. त्या शिट्टीला घाटगे-सान सगळ्यात आधी बाहेर यायचे आणि आत जायला सगळ्यात शेवटी. ओठ निळे पडायचे. थंडीनं नव्हे, पाणी कोमट असतं. एकदा मी त्यांना म्हटलं, "काका, नाही जमलं तर सोडा ना. त्या गोळ्यात बेडूक काही नव्हता."

"ते मला पण दिसलं हुतं," ते म्हणाले, आणि पंचानं कान पुसत राहिले.

फेब्रुवारीत पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. एका शनिवारी काठ धरून त्यांनी डोकं पाण्यात घातलं आणि इतक्या वेगानं वर काढलं की ओनो-सानचा चष्मा भिजला. पण घातलं खरं. बाहेर आल्यावर त्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि कधी नव्हे ते ईराला जपानीत सांगितलं, की आत एकदम शांत असतं. ईरा जपानीतच म्हणाली, माहितीये.

मार्चमधल्या एका शनिवारी तलावाच्या दारापाशी टॅक्सी थांबली आणि त्यातून शरयूताई उतरल्या. हातात काठी होती. घाटगे-सान टॅक्सीच्या दुसऱ्या दारातून उतरून धावत येऊन त्यांच्या बाजूला उभे राहिले, पण त्यांनी हात धरला नाही.

तलावाच्या एका कडेला पाण्यात चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी राखलेली असते. तिथे जपानी आज्या गप्पा मारत फेऱ्या घालतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी शरयूताईंना तेच सांगितलं होतं, की पाण्यात चाला, तोल परत येईल. मला हे तेव्हाच, तिथे उभ्या उभ्या कळलं. घाटगे-सान आधी उतरले. तोंड शरयूताईंकडे करून, उलटे, एकेक पायरी मागे सरकत. शेवटच्या पायरीवर शरयूताई थबकल्या. रांगेतल्या आज्याही थांबल्या. कोणी घाई केली नाही. मग त्यांनी काठी काठावर आडवी ठेवली आणि पाऊल टाकलं.

त्या पडल्या नाहीत. पाण्यात माणसाला पडायचं म्हटलं तरी पडता येत नाही. घाटगे-सान उलटे चालत होते, त्या सुलट चालत होत्या, आणि काचेच्या अलीकडे मी पर्स पोटाशी धरून उभी होते. पट्टीच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी मान वळवून मागे बघितलं, एवढं आपण चाललो का, अशा नजरेनं.

नंतर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. शरयूताईंचे केस ओले होते आणि गाल लाल झाले होते. घाटगे-सान आमच्यासाठी यंत्रातून गरम चहाच्या बाटल्या आणायला गेले होते.

"शरयूताई, आधी का नाही आलात?" मी विचारलं. "तुम्हाला पाण्याची भीती वाटत होती का?"

"पाण्याची कशाला वाटंल? मी लग्नाआधी विहिरीत उड्या टाकायचे." त्या हसल्या आणि मग हसू ओसरलं. "मला पडायची भीती वाटत होती गं. घरातसुद्धा. भिंत धरून मोरीत जायचे. मुलगा फोनवर समजवायचा, डॉक्टर समजवायचे. सगळे म्हणायचे, घाबरू नका. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं, या अख्ख्या देशात मी एकटीच भित्री."

"आणि काका?"

"ह्यांनी एकदापण म्हटलं न्हाई, घाबरू नको. दर शनिवारी घरी येऊन स्वतःचं सांगायचे. आज गुडघ्यापर्यंत गेलो, लई घाबरलो. आज कमरेपर्यंत गेलो, पाय लटपटले, तरी परत जाणार. सगळं खरं खरं. मी ऐकत बसायचे. मग एक दिवस मीच म्हटलं, मी येते, बघू तर खरं." त्यांनी पायावरून हात फिरवला. "घरात घाबरणारी मी एकटी राहू नये, म्हणून हे पाण्यात गेले. मला कळत हुतं. ह्यांना वाटतंय, मला कळलं न्हाई."

घाटगे-सान बाटल्या घेऊन आले. एक मला दिली, एक शरयूताईंना झाकण उघडून दिली, आणि आपली हातात धरून बाकाच्या टोकाला बसले. मी त्यांना विचारणार होते, की पुढच्या शनिवारी पण येणार ना. पण त्यांची मान छातीवर झुकली होती. चहा न उघडताच त्यांना झोप लागली होती. पोहण्याची निळी टोपी अजून डोक्यावरच होती.

"काकांना उठवू का?" मी म्हटलं. "पोहायची पोरं येतील आता, गोंधळ होईल."

"नको," शरयूताई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातली बाटली अलगद काढून घेतली. "ऑक्टोबरपासनं रात्री मी जरा कूस बदलली तरी हे उठून बसायचे. झोपू दे."

शिट्टी वाजली, मुलं ओरडत बाहेर आली, कपाटांची दारं आपटली. आम्ही दोघी हळू आवाजात पुरणपोळ्यांबद्दल बोलत बसलो.