हुसेनचाचांची शिफारस

येरमाळ्याच्या बाजारात शेळी विकायला बसलेला माणूस खोटं बोलतो, हे शेळीलासुद्धा ठाऊक असतं. म्हातारी शेळी तिथं 'पहिल्या वेताची' असते. लंगडत असेल तर 'जरा लाजून चालते'. अशा त्या बाजारात हुसेनचाचा कडेच्या लिंबाखाली दावं धरून बसायचे आणि गिऱ्हाईक समोर आलं की म्हणायचे, "बसा. पयलं ऐब आयका."

ऐब म्हणजे खोड, दोष. "हिचा डावा सड मंद हाय. पावसात वरडती. कुंपण पक्कं नसंल तर शेजाऱ्याची मेथी ऱ्हात न्हाय. आन् हिच्या आईला तोंड लई व्हतं, ते हिच्यात उतरलंय." हे ऐकताना शेळी मान खाली घालायची. मी स्वतः पाहिलंय. एकदा बार्शीचं एक गिऱ्हाईक चौथ्या ऐबाला उठलं, फाट्यावर गेलं, बस पकडून बार्शीला पोचलं, हातपाय धुऊन जेवायला बसलं, तरी इकडं चाचांचे ऐब चालूच होते. आणि पुढच्या बाजारी तेच गिऱ्हाईक परत येऊन तीच शेळी घेऊन गेलं. म्हणालं, "घरात बांधलेल्या चार शेळ्यांबद्दल मला एवढं म्हाईत न्हाय."

ही रीत शेळ्यांपुरती असती तर बरं होतं. चाचांच्या पुतण्याला मुलगी द्यायला माणसं आली. घरचे खुणा करतायत, कुणी खोकतंय, कुणी भांडं आपटतंय. चाचा बसले मांडी घालून. "पयलं ऐब आयका. पोरगा झोपंत दात खातो. आईला उलट बोलत न्हाय, पर आयकतबी न्हाय." मुलीचा बाप उठला. सगळ्यांना वाटलं, निघाला. तो आत डोकावून म्हणाला, "च्या टाका. आठ घरं फिरलो, आठी ठिकाणी देवमाणूसच दावला. हितं पयल्यांदा पोरगा बघायला मिळाला."

पुढं गावात एका पुढाऱ्याचा सत्कार होता. नवख्या संयोजकानं चाचांना दोन शब्द बोलायला उभं केलं. दुसऱ्या ऐबालाच माईक बंद केला. पण चाचांना माईक लागत नाही, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

आता मी कोण ते सांगतो. मी दत्तू फ्लेक्सवाला. हायवेला माझं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नवीन गाडी, जुन्या गाडीला नवीन टायर, काहीही असो, बॅनर माझ्याकडचा. ज्यानं उभ्या जन्मात कोंबडीला हाड् म्हटलं नाही, त्याला मी 'ढाण्या वाघ' केलंय. तालुक्यात आज वाघ किती आहेत हे वनखात्यापेक्षा मला जास्त ठाऊक. तेव्हा चाचा आणि मी म्हणजे एकाच गावातली दोन टोकं. ते पारखून ऐब काढणारे, मी झाकून रंग देणारा. तरी आमचं जमायचं, कारण चहा दोघांनाही गोडच लागायचा.

आमच्या दोघांत दुवा म्हणजे माझी भाची अश्विनी. जनावरांची डॉक्टर झाली आणि पुढच्या अभ्यासाला तिनं विषय घेतला आपल्याकडची काळी शेळी. जुळी करडं कोण देते, का देते, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी ती चाचांच्या गोठ्यात येऊन बसली, ती दोन वर्षं उठली नाही. चाचांना मूलबाळ नाही. चाची वारल्या त्याच्या आदल्याच साली. गोठ्यात साठेक शेळ्या, एक म्हातारा, आणि मधी वही घेऊन बसलेली ही पोरगी, असा तो संसार होता. मग ती शिकायला अमेरिकेला गेली आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत लागली.

एके दिवशी तिचा फोन आला. "मामा, माझा इथला परवाना संपत आलाय. आता असामान्य क्षमतेच्या माणसांसाठी जो व्हिसा असतो, त्याला अर्ज करतेय. शिफारसपत्रं लागतात. प्रोफेसर लोकांची मिळाली. वकीलबाई म्हणतात, ज्यांच्या कामात तुझ्या संशोधनाचा उपयोग झाला अशा गावाकडच्या तिघांची हवीत."

"असामान्य क्षमता?" मी म्हणालो. "अगं, ते तर माझं रोजचं काम. किती पाहिजेत? तीनशे देतो."

"तीनच. निवृत्त झालेले आपले जनावरांचे डॉक्टर, शेळीपालक गटाचे अध्यक्ष, आणि हुसेनचाचा."

तिसरं नाव ऐकून मला बार्शीचं गिऱ्हाईक आठवलं.

"आणि मंजूर न्हाय झालं तर?"

"तर काम अर्धं टाकून परत यायचं. दुसरा रस्ता नाही."

पहिली दोन पत्रं मी एका दुपारी पाडली. डॉक्टर आणि अध्यक्ष, दोघांनी न वाचता सही केली. चष्मा घरी राहिला म्हणाले. मग मी चाचांकडं गेलो. ते करडाला बाटलीनं दूध पाजत होते. मी सगळं समजावून सांगितलं. अमेरिकेचं सरकार आहे, पोरगी असामान्य आहे असं तुम्ही लिहून द्यायचं आहे.

"सरकारनं तिला बघितली न्हाय का?"

"बघितली, पर ओळखत न्हाय."

"मंग बराबर हाय. ऐब सांगाय पायजेत."

"चाचा, ही काय बकरी हाय का? शिफारस हाय ती! नुसतं चांगलं सांगायचं असतं."

"नुसतं चांगलं सांगितलं तर घेणारा म्हणंल, ह्याला पोरगी ठावंच न्हाय." त्यांनी बाटली उलटी करून शेवटचा थेंब करडाच्या तोंडात झटकला. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता विचारलं, "न्हाय म्हणले तर काय व्हतंय?"

"परत यावं लागतंय तिला. कायमचं."

"हां," चाचा म्हणाले. आणि एवढंच म्हणून त्या रिकाम्या बाटलीकडं इतका वेळ बघत बसले की मला वाटलं, बाटलीचे ऐब शोधतायत. मग म्हणाले, "उद्या ये. लिवून घे. माझा हात कापतोय."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर चाचा टोपी घालून, धुतलेला सदरा घालून तयार. अमेरिकेच्या सरकारशी बोलायचं म्हणजे अघळपघळ बसून कसं चालेल? मी वही काढली. चाचांनी घसा साफ केला.

"लिव. पयलं ऐब. पोरगी बोकडाला भिती. दोन वर्सांत शिंग धराय शिकली न्हाय. दुसरं, हिला घड्याळ कळत न्हाय. डबा उघडायचं इसरती. तीनदा हिचा डबा बकऱ्यांनी खाल्ला आन् हिला सांजच्याला कळलं. तिसरं, करडू मेलं तर रडती, मंग लिवती. वही भिजती. काम हळू व्हतंय. चौथं, मोठ्यांना उलट बोलती. मला, एवढ्या वयाच्या मानसाला म्हणली, 'चाचा, तुमचं चुकतंय.'" इथं ते थांबले. "चुकत व्हतं. ते बी लिव. पाचवं, दर रविवारी सांजच्याला फोन करती आन् लई बोलती. माझं दूध काढायचं ऱ्हातं."

"झालं?" मी घाम पुसत विचारलं.

"ऐब झाले. आता बाकीचं." आणि मग ते हळू बोलायला लागले. "म्या ल्हानपणापासनं जुळं देणारी बकरी नजरंनं पारखायचो. गावोगावची लोकं मला इचारून बोकड निवडायची. निम्म्या टायमाला माझं चुकायचं. हे म्या कुणाला सांगितलं नव्हतं. ह्या पोरीनं बकऱ्यांच्या आज्या-पणज्या माझ्याकडनं इचारून वहीत मांडल्या, रगात तपासलं, आन् कुणाच्या पोटी जुळी येतील आन् दोघांला पुरंल एवढं दूध कुणाला व्हईल, ते आधीच सांगाय लागली. तवापासनं माझ्या गोठ्यात जुळ्यातलं धाकलं करडू उपाशी मरायचं थांबलं. आता लोकं तिच्या वहीची झेरॉक्स घिऊन बोकड निवडत्यात. मला कुणी इचारत न्हाय. हे खरं हाय. सही, हुसेन."

माझ्या हातातला पेन थांबला होता. पण धंदा तो धंदा. दुकानात येऊन मी ऐब सगळे काढले, 'मला कुणी विचारत नाही' हे तर पहिल्यांदा काढलं, आणि उरलेल्यावर आपली कला केली. टायपिंग करून परत नेलं. चाचांनी दारातच नुसता सहीचा कागद पुढं घेतला आणि न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास टाकला, हा त्यांचा ऐब. कॉलेजच्या इंग्रजीच्या मास्तरांकडून मी तिन्हींचं भाषांतर करवून घेतलं आणि पाठवून दिलं.

चार दिवसांनी अश्विनीचा फोन.

"मामा, वकीलबाई विचारतायत, मी नक्की शेळ्यांवर काम करते की वाघांवर?"

"का गं?"

"तिन्ही पत्रांत मी वाघीण आहे. तिन्हींत 'मराठवाड्याच्या मातीतला धगधगता अंगार' आहे. आणि डॉक्टरांच्या पत्राखाली 'शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ' असं आहे. बाई म्हणतात, तिन्ही एकाच माणसानं लिहिलेली दिसतात. अशी पत्रं गेली तर अर्ज तिथंच पडेल."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मालाला गिऱ्हाईक नाही म्हणालं होतं.

"आणि मामा, चाचांच्या पत्रात ऐब कुठायत?"

"कसले ऐब?"

"मामा." एवढंच म्हणाली. पण अगदी चाचांसारखं म्हणाली.

मग काय करतो? डॉक्टरांच्या आणि अध्यक्षांच्या घरी जाऊन मी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि म्हणालो, तुमच्या मनानं लिहा, चष्मा मी शोधून देतो. आणि चाचांसमोर जाऊन स्वतःचे कान धरले. ते रागावले नाहीत. "तुझा बी इलाज न्हाय," म्हणाले. "रंगाचा डबा घेतलेल्या मानसाला भिंत दिसत न्हाय." वहीतलं सगळं जसंच्या तसं टाईप करून आणलं. या खेपेला त्यांनी बोटानं एकेक ओळ धरून वाचलं. ऐब मोजले, पाच भरले. 'मला कुणी विचारत नाही' या ओळीवर बोट जरा थांबलं, पण पुढं सरकलं. मग सही केली. ती सही करायला लागलेल्या वेळात मी एरवी चार वाघ छापले असते.

इंग्रजीच्या मास्तरांनी बोकडाचं शिंग कसंबसं इंग्रजीत बसवलं. वकीलबाईंनी ते वाचून, अश्विनी म्हणाली, चष्मा काढून ठेवला आणि हे पत्र सगळ्यांत वर लावायला सांगितलं.

मंजुरी यायला बरेच महिने गेले. मधल्या काळात मी चाचांकडं फारसा फिरकलो नाही. निवडणुका होत्या, तालुक्यात वाघांची टंचाई झाली होती. एका दुपारी अश्विनीचा फोन आला. झालं म्हणाली, मंजूर झालं, चाचांना मीच सांगणार होते पण ते फोन उचलत नाहीत, तुम्ही आधी जा. मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि गाडीवर टांग मारली.

चाचा गोठ्यात नव्हते. मागच्या बाजूला कडब्याची खोली आहे, तिथं खुडबुड ऐकू आली म्हणून गेलो, तर ओळखूच आली नाही. कडबा सगळा बाहेर. भिंतींना नवा चुना, खाली शहाबादी फरशी. खिडकीला जाळी, वर पंखा. खिडकीजवळ टेबल, त्यावर दिवा आणि एक कोरी वही, भिंतीला आरसा. आणि चाचा बाजेचा सुंभ ओढून ओढून घट्ट करत होते.

"चाचा, मंजूर झालं! पोरगी आता तिथंच ऱ्हाणार!"

त्यांचा हात सुंभावरच राहिला. मग त्यांनी ती गाठ मारली, नीट मारली, आणि वर बघून हसले. "चांगलं झालं. लई चांगलं झालं. म्या म्हणलो व्हतो का न्हाय, खरं सांगितलं की घेतेत."

मी पेढा दिला. त्यांनी तो हातात धरला. मी खोलीभर बघत होतो, ते त्यांच्या ध्यानात आलं.

"करडांला केलीय," चाचा म्हणाले. "थंडीत ऊब ऱ्हाती."

"आन् टेबल?"

"करडांलाच. चढाय."

"आरसा?"

चाचांनी सदऱ्याच्या बाहीनं आरशावरचा चुन्याचा ठिपका पुसला. खोटं हा माझा रोजचा धंदा. पण इतकं कच्चं, इतकं पायाच नसलेलं खोटं मी या दुकानदारीत कधी पाहिलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं पहिल्यांदाच हातात घेतलेलं काम होतं ते. कुठं धरावं हेसुद्धा त्यांना कळत नव्हतं.

"बरोबर हाय," मी म्हणालो. "करडांना आरसा लागतोच."

चाचांनी मान हलवली. मग पेढा टेबलावर ठेवून ते गोठ्यात गेले, एक काळं करडू उचलून आणलं आणि टेबलाच्या पायाला बांधलं.